मालनची विळी आणि दोरीचा डबा

मी एक जुनी विळी आहे. माझे पाते लोखंडाचे, पाट फणसाच्या लाकडाचा, आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दात. त्यातले दोन पडले आहेत. मित्रांनो, जुनी वस्तू बोलू लागली की ती आपली थोरवीच सांगणार, असे तुम्हाला वाटत असेल. पण मी तुम्हाला माझ्या मत्सराची गोष्ट सांगणार आहे. एका आठवड्यात तो इतका वाढला, की जिच्यावर मी जीव टाकत होते तिचाच हात माझ्यामुळे कापला गेला.

कणकवलीजवळच्या एका गावात लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी त्याने तापवली, ठोकली, वाकवली आणि माझे पाते घडवले. एक दिवस एक गृहस्थ आले. त्यांनी अंगठ्याने माझी धार हळूच चाचपली आणि म्हणाले, "चेडवाक देवची आसा. बरी बघून दी." त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. ती मुलगी म्हणजे मालन. तिच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळून मी मुंबईला आले.

जोगेश्वरीच्या चाळीत दहा बाय बाराची खोली होती. तिथे मालनचा नवरा चंद्रप्रकाश, सासू, सासरे आणि एक दीर राहत. चंद्रप्रकाश औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होते. सासऱ्यांची गिरणी बंद पडली होती. इतक्या माणसांचा स्वयंपाक मालन एकटी करी. पहाटे पाच वाजता ती माझ्या पाटावर पाय दाबून बसे आणि कोबी असा चिरी, की तो पाण्यात टाकला तर केसासारखा तरंगावा. रोज अर्धा नारळ, बुधवारी आणि रविवारी मासे, श्रावणात अळू. पावसाळ्यानंतर धारवाला सायकल घेऊन यायचा, तेव्हा ती स्वतः मला खाली घेऊन जायची आणि त्याचे चाक थांबेपर्यंत तिथून हलायची नाही.

शेजारणी मला मागायला येत. मालन म्हणायची, "पातेलं न्या, परात न्या. विळी नाही देणार." मग त्या म्हणत, "असू दे गो बाई! तुझी विळी म्हणजे काय, तुझी सवतच!" मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मालनच्या वाट्याला मात्र कौतुक येत नसे. चंद्रप्रकाश वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी पगार दडवला नाही. पण जेवताना ते बोलत नसत. बोललेच तर "मीठ कमी आहे" एवढेच. ताट साफ झाले म्हणजे जेवण चांगले झाले, असे त्या घरात सगळ्यांनी धरून चालले होते. मुलगा सुबोधही तसाच वाढला. मालन भांडी घासायला बसायची आणि मी भिंतीला टेकून सुकत राहायचे. तेव्हा मला यात काही वावगे वाटले नाही. मला माझे कौतुक मिळत होते ना!

दिवस गेले. चाळ पाडून त्या जागी सात मजली इमारत उभी राहिली. सासू-सासरे वारले, दीर वेगळा राहू लागला, सुबोध नोकरीसाठी पुण्याला गेला. चंद्रप्रकाश निवृत्त झाले. चौथ्या मजल्यावरच्या नव्या घरात उभ्याने काम करायचा काळा ओटा होता, पण मालन मात्र जमिनीवर बसून माझ्यावरच चिरायची. मग तिचे गुडघे दुखू लागले. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता खाली बसायचं नाही. मांडी विसरायची."

त्याच महिन्यात सुबोधने एक हिरवा प्लॅस्टिकचा डबा आणून दिला. झाकणाला एक दोरी होती. दोरी ओढली की आतली पाती गरगर फिरत. कांदा टाकायचा, दहा वेळा दोरी ओढायची, झाला बारीक. मला पिठाच्या डब्यामागे, ओट्याखालच्या कोपऱ्यात ठेवण्यात आले.

आणि चंद्रप्रकाश स्वयंपाक करू लागले. आधी ते मालनला सगळे विचारायचे. "अगो, मोहरी कधी टाकायची? हळद किती?" ती खुर्चीवर बसून सांगायची. सहा-सात महिन्यांत त्यांचा हात बसला. मग ते विचारेनासे झाले.

कोपऱ्यातून मला सगळे दिसत असे. तो हिरवा डबा रोज धुतला जायचा, फडक्याने पुसला जायचा, खिडकीशी उन्हात उपडा ठेवला जायचा. माझ्या पात्यावर गंज चढत होता. कांदा चिरताना माणसाच्या डोळ्यांना पाणी येते, ते पाणीसुद्धा त्या डब्याने बंद केले होते. दोरी ओढल्याचा आवाज आला की माझ्या अंगाची आग आग व्हायची. तुटू दे ती दोरी, फुटू दे ते झाकण, असे मी मनात म्हणायचे. मित्रांनो, मी खोटे सांगत नाही.

मग आला तो आठवडा. कोजागिरी होऊन गेली होती, दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन तापत होते, दुकानांबाहेर कंदील लटकू लागले होते.

सोमवारी दुपारी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. सुबोधच्या बायकोने, रेवतीने, टेबलावरची कढई पाहिली.

"बाबा, भरली वांगी? काय दिसतायत! ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगते मी, माझे सासरे कसले झकास कुक आहेत म्हणून. आई, मजा आहे हं तुमची!"

"सोपं असतं गं सगळं," चंद्रप्रकाश हसून म्हणाले. "बायका उगाच बाऊ करतात."

मालन शेजारी बसून मेथी निवडत होती. मी पाहिले, की तिने कोवळी पानेही देठांबरोबर टाकून दिली. तेव्हा मला कळले, की या घरात जळणारी मी एकटी नाही.

मंगळवारी समोरच्या पद्मजाबाई आल्या. इमारतीतल्या ज्येष्ठ नागरिकांचे रविवारी खालच्या हॉलमध्ये एकत्र जेवण होते. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा होता.

"भावोजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं तुमच्याकडे. वीस माणसांपुरतं," पद्मजाबाई म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही फक्त यायचं आणि राणीसारखं बसायचं."

"मी पापड भाजून आणते ना," मालन म्हणाली.

"छे हो! पापड तिसऱ्या मजल्यावरची चेतना आणतेय."

पद्मजाबाई गेल्यावर मालन बराच वेळ बंद दाराकडे बघत उभी राहिली. ते सांबारे तिच्या आईचे होते. खोबरे किती भाजायचे, धणे कधी घालायचे, हे ती आईच्या मांडीशी बसून शिकली होती.

बुधवारी चंद्रप्रकाशनी बांगडे आणले. तेही बाजारातूनच साफ करून, कापून आणले होते. कालवणाचा वास घरभर पसरला आणि मला नाइलाजाने कबूल करावे लागले, की वास उत्तम होता. मालनने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "तिरफळं जास्त झाली. कडू लागतंय."

चंद्रप्रकाशनी पुन्हा चाखून पाहिले. "मला तर नाही लागत."

"तुम्हाला नाही कळायचं."

त्यांचा चेहरा उतरला. ते खाली मान घालून जेवले आणि लवकर उठले. ते हात धुवायला गेले तेव्हा मालनने ताटातले उरलेले कालवण बोटाने पुसून खाल्ले. ती खोटे बोलली होती. मला मात्र असा आनंद झाला, की जणू कुणी मला नवी धार लावली. आज त्या आनंदाची लाज वाटते.

गुरुवारी दिवाळीची साफसफाई निघाली. चंद्रप्रकाशनी पिठाचा डबा सरकवला आणि त्यांना मी दिसले.

"ही अजून आहे? पार गंजलीय. दिवाळीला सुबोधची प्रांजल येणार, पोरीच्या पायाला लागलं तर? शनिवारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू. काय गो?"

मी मालनकडे पाहिले. इतक्या वर्षांची सोबत होती आमची. वाटले, ती आता ओरडेल.

"द्या," मालन म्हणाली.

एवढेच. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले, पिशवीत घातले आणि दारामागे ठेवले. त्या हिरव्या डब्याचा मला जितका राग आला नव्हता, तितका त्या एका शब्दाचा आला.

शुक्रवारी चंद्रप्रकाशना डोळे तपासायला अंधेरीला जायचे होते. दहा वाजता ते निघाले. "दोन वाजतील. भात लावून ठेव फक्त, आमटी सकाळचीच आहे," असे सांगून गेले.

दार बंद झाले आणि मालन थेट दारामागच्या पिशवीकडे आली. तिने मला बाहेर काढले, चिंचेने खसाखसा घासले, धुतले, पुसले. तिने रात्रीच काळे वाटाणे भिजत घातले होते, हे मला तेव्हा कळले. तिने नारळ फोडला. मला जमिनीवर ठेवले. मग टेबलाचा पाय धरून, दात ओठात रुतवून, ती हळूहळू खाली बसली. एक पाय दुमडलाच नाही. तो तिने तसाच लांब ठेवला.

"आज येऊ देत जेवायला," ती माझ्याशी बोलावे तसे पुटपुटली. "सोपं असतं म्हणे."

मित्रांनो, त्या अर्ध्या तासाचे सुख मी काय सांगू! माझे दात बोथट झाले होते, तरी खोबरे पांढरेशुभ्र पडत होते. मालनचा हात आपली चाल विसरला नव्हता. नारळाची वाटी कडेकडेने फिरवत, काळपट पाठ न लागू देता ती खवत होती आणि गुणगुणत होती. हिरवा डबा खिडकीशी उपडा पडला होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि म्हटले, बघ, बघून घे.

नारळ संपला. मालनला उठता येईना.

तिने टेबलाचा पाय धरला, पण गुडघ्याने साथ दिली नाही. मोबाइल ओट्यावर होता. तिने दोन-तीन वेळा पद्मजाबाईंना हाक मारली, पण दोन्ही दारे बंद होती आणि वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होते. मग तिने ओट्याखालच्या खणाची मूठ धरली आणि सगळा जोर लावला. खण सरकून बाहेर आला. मालन तोल जाऊन खाली आली, आणि तिचा उजवा तळहात माझ्या पात्यावर पडला.

इतरांना मी गंजलेली आणि बोथट वाटत होते. त्या हाताला मी बोथट नव्हते. पांढऱ्या खोबऱ्यावर रक्त सांडले. मला मागे सरता येत नव्हते. मला पाय असते तर मी त्याच क्षणी भंगारवाल्याकडे चालत गेले असते.

मालनने पदर हाताला घट्ट गुंडाळला. मग डाव्या हाताने माझे पाते भिंतीकडे वळवले, पाठ टेकली आणि डोळे मिटून बसून राहिली. तिने मला एक शिवीसुद्धा दिली नाही.

पावणेदोन वाजता कुलूप उघडले. तपासणीसाठी चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत औषध घातले होते, त्यामुळे त्यांना सगळे धूसर दिसत होते. "मालन?" त्यांनी हाक मारली. मग त्यांना जमिनीवर काहीतरी लाल दिसले. ते गुडघ्यांवर बसून, हाताने चाचपत तिच्यापर्यंत गेले.

"काय झालं? कुठे लागलं? मला नीट दिसत नाही गो, बोल काहीतरी!"

"हात कापलाय. घाबरू नका. मला आधी उठवा."

त्यांना एकट्याला ते जमले नाही. ते भिंत धरत बाहेर गेले, पद्मजाबाईंचे दार वाजवत राहिले. पद्मजाबाई आणि वॉचमन निलेश यांनी मिळून मालनला उठवले आणि दवाखान्यात नेले. पाच टाके पडले.

संध्याकाळी दोघे टेबलाशी बसले. चंद्रप्रकाशनी मला उचलले. "ही आत्ताच्या आत्ता फेकून येतो."

"तिला हात लावू नका."

"अगो, पण कशाला बसलीस खाली? कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हाला सांबारं खायला घालायचं होतं."

"रविवारी मी करणारच होतो ना!"

"म्हणूनच."

मग मालन बोलली. इतकी वर्षे त्या घरात राहून मी तिला असे बोलताना ऐकले नव्हते.

"मी जळते तुमच्यावर. हसू नका. एक्केचाळीस वर्षं मी केलं. तापात केलं, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी केलं. रेवती तुम्हाला आठवड्यात जेवढ्या वेळा छान म्हणते, तेवढ्या वेळा मला जन्मात कुणी म्हटलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. आणि वर तुम्ही म्हणता, सोपं असतं. अहो, मी सगळं सांगितलं म्हणून सोपं झालं. मला कोण होतं सांगायला? सासूबाई तर नुसत्या नावं ठेवायच्या."

चंद्रप्रकाशनी मला परत टेबलावर ठेवले.

"आणि बुधवारचं कालवण चांगलं झालं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी खोटं बोलले."

ते म्हणाले, "मला वाटायचं, नाव ठेवलं नाही म्हणजे तुला कळतं."

"कसं कळणार? रिकाम्या ताटाला विचारू?"

त्यांनी मान खाली घातली. ते उठले, जमीन पुसली, रक्त लागलेले खोबरे फेकून दिले. मग भिजलेल्या वाटाण्यांच्या पातेल्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मालन, सांबाऱ्याला खोबरं किती भाजायचं?"

"तुम्ही जाळता ते. बदामी रंग आला की उतरायचं," मालन म्हणाली. "आणि धणे आधी."

शनिवारी भंगारवाल्याची हाक खालून आली आणि गेली. चंद्रप्रकाश त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या बाळा सुताराकडे मला घेऊन गेले होते. सुताराने माझा पाट मागून कापला आणि खाली लोखंडी शिकंजा बसवला. आता मला टेबलाच्या कडेला घट्ट आवळता येते आणि खुर्चीवर बसून नारळ खवता येतो. पात्यावर घालायला त्याने एक लाकडी म्यानही करून दिले. फणसाचे जुने लाकूड करवतीखाली गेले तेव्हा मला दुखले. पण मी कुरकुरले नाही. माझ्यापायी कुणाला पाच टाके पडले होते, ते मी विसरले नव्हते.

रविवारच्या सांबाऱ्याचे खोबरे चंद्रप्रकाशनी माझ्यावर खवले. त्यांना खवताच येत नव्हते. काळी पाठ खरवडली जात होती आणि मालन शेजारी बसून ओरडत होती, "अहो फिरवा ती वाटी! काय वाट लावलीत!" कांदा मात्र त्या हिरव्या डब्यानेच चिरला.

जेवणाची हकीकत मला पद्मजाबाईंकडून कळली. हाताच्या टाक्यांमुळे मालन खाली गेली नव्हती, म्हणून त्या मोकळे पातेले परत द्यायला आल्या होत्या.

"वहिनी, काय सांगू! सगळे भावोजींना शाबासकी द्यायला लागले, तर ते म्हणतात, 'खोबऱ्याचं वाटप हिचं, हिच्या आईचं. मी नुसता ढवळ्या!'"

मालन बँडेजवरून बोट फिरवत म्हणाली, "ढवळलं पण चांगलं होतं त्यांनी." हे बोलायला तिला किती जड गेले, ते माझ्याइतके कुणालाच कळले नसेल. तिने त्यांना ते दिले, जे तिला स्वतःला कधी मिळाले नव्हते.

टाके निघाले आणि दिवाळी आली. सुबोध, रेवती आणि छोटी प्रांजल घरी आली होती. मालनने खुर्चीवर बसून, माझ्यावर चार नारळ खवून नारळाच्या वड्या केल्या. सगळ्यांना दिल्या. चंद्रप्रकाशनी वडी तोंडात टाकली. सवयीने ते वर्तमानपत्र उचलणार होते, पण त्यांनी ते पुन्हा खाली ठेवले. घसा खाकरला. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

"मालन, वड्या फार छान झाल्यात."

सुबोध आणि रेवती एकमेकांकडे बघू लागले. मालन ताटात वड्या लावत होती. तिने वर पाहिले नाही.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"वड्या छान झाल्यात म्हटलं."

"मोठ्याने बोला."

"छान झाल्यात!" चंद्रप्रकाश इतक्या मोठ्याने म्हणाले, की समोरच्या पद्मजाबाईंनी दार उघडले.

मित्रांनो, मी अजूनही जळते. कांदा चिरायची वेळ झाली की दोरीचा आवाज येतो आणि माझे पाते तापते. ते एका दिवाळीत जाणार नाही. पण आता मला ठाऊक आहे, की माझ्या जळण्याने तो डबा कधी फुटला नाही, हात मात्र कापला गेला. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी विळी असेल, तर तिला कोरडी ठेवा, पाते झाका, लहानांच्या पायांपासून दूर ठेवा. आणि आज जेवायला बसाल तेव्हा ज्याने कुणी ते जेवण केले असेल, आई असो, बाबा असोत, आजी असो, त्यांच्याकडे बघून सांगा, कसे झाले आहे ते. ताट साफ केले म्हणजे त्यांना कळेल, असे धरून चालू नका. त्यांना ते कळत नाही.